ग्रिल घ्यायला निघालो, गडहिंग्लजला पोचलो

उचगावच्या नव्या घराला मागं परस आहे, आणि आमच्या आप्पांना चुलीशिवाय मटण गोड लागत नाही. आई गेल्यापासून माझे वडील गडहिंग्लजला एकटेच असतात. राहायला या म्हटलं की उत्तर ठरलेलं, "तुमच्या फ्लॅटात चूल न्हाय." आता फ्लॅट सुटला. परसात झकास ग्रिल मांडायची आणि आप्पांना कायमचं आणायचं, असा बेत मी केला. "ग्रिल बघून येणारेत होय ते?" असं म्हणत माझ्या नवऱ्यानं, संदीपनं, रविवारी सकाळी गाडी काढली.

आधी कोल्हापुरातलं मोठं दुकान. गॅसची ग्रिल देखणी, आच हवी तशी, पण धूर नाही म्हणजे वासही नाही, आणि किंमत एका बऱ्या फ्रीजची. विजेची बाल्कनीवाल्यांना ठीक. लाइट गेली की उपाशी. कोळशाची गोल, झाकणाची मला आवडली. तंगडी आतपर्यंत शिजते, धूर मुरतो. चौघांच्या घराला हीच घ्या. आमच्याकडं चौघंच कधी जेवत नाहीत.

"ह्यावर पातेलं बसेल?" मी विचारलं.

"ताई, बार्बेक्यूत पातेलं कशाला?"

"मग रस्सा कशात करायचा?"

दुकानदारही कोल्हापूरचाच. हसून म्हणाला, "आमच्या घरातबी हेच इचारत्यात."

म्हणून इचलकरंजी गाठली. तिथं यंत्रमागांचा एवढा खडखडाट, की फॅब्रिकेशनवाल्याशी ओरडूनच बोलावं लागलं. त्याच्याकडं अर्ध्या ड्रमच्या आकाराची, चाकं लावलेली ग्रिल होती. काहीजण रंगाचा जुना ड्रम कापून विकतात, तो घेऊ नका. हिचा पत्रा कोरा होता. आणि जाळीशेजारी एक लोखंडी कडं.

"हे कशाला?"

"पातेल्याला! न्हायतर गिऱ्हाईक परत आणून टाकतंय की."

हीच घेतली, पण डिकीत बसेना. टपावर दोरीनं बांधली आणि आधी आप्पांना दाखवू म्हणून हुपरी, कागल करत हायवेला लागलो. निपाणीला चहा घेतला. संकेश्वरच्या पुढं उसाच्या ट्रॉल्या लागतात, घाई करू नका.

आप्पा परसात चुलीपुढं होते. आईची लोखंडी फुंकणी हातात, डोळे लाल. संदीप मदतीला वाकला तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, पावणं. ती तिची हाय." त्या फुंकणीला ते मलाही हात लावू देत नाहीत.

पोटभर जेवलो. मग ग्रिल दाखवली. त्यांनी पत्र्यावर टकटक केलं, कड्यातून हात फिरवला.

"येणार न्हवं राहायला?" मी विचारलं.

"बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. परतताना संदीपनं गाणी लावली, पण माझं तोंड उतरलेलंच होतं.

पुढच्या रविवारी मी आमच्या परसात कोळसे पेटवायला बसले. नुसता धूर. पुठ्ठ्यानं वारा घालून हात दुखले, संदीप हेअर ड्रायर आणायला आत पळाला. तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. आप्पा! एसटीनं आले होते. पिशवीतून फुंकणी काढली आणि ग्रिलपुढं उकिडवे बसले. कोळसे लालबुंद झाले.

कड्यावरच्या पातेल्यात रस्सा उकळला, जाळीवर तंगड्या भाजल्या. आप्पांनी दुसरी तंगडी मागून घेतली. "सुकं म्हणून बरं हाय," म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूपच झालं. मी तर जाम खूश होते.

संध्याकाळी ते जायला निघतील म्हणून मी फुंकणी पुसून, कागदात गुंडाळून त्यांच्या पिशवीत ठेवायला गेले.

"तिला कुठं धाडतीस?" आप्पा म्हणाले. "उद्या हितं काय नुसत्या तोंडानं फुंकू व्हय?"