आधी चाकाला विचारू

गाडी घेऊन गेलो की मिस्त्री बॉनेटकडे बघायचेही नाहीत. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावी तशी हाताची मागची बाजू एकेका चाकापाशी न्यायचे आणि म्हणायचे, "आधी चाकाला विचारू."

तुम्ही म्हणाल, चाकाला काय कळतं? मीही तेच म्हणायचो. वकील असल्यामुळे जरा जास्त शब्दांत.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं. आमच्या गावातल्या द्वारका चौकाजवळ त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. माझी गाडी तिसऱ्या हाताची आणि तापट. त्या आठवड्यात ती दर चार मैलांवर उकळत होती, आणि दुसऱ्या दिवशी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ऑपरेशनसाठी मुंबईला न्यायचं होतं. त्यांना बसवत नव्हतं. मागच्या सीटवर आडवं करून, कसारा घाट उतरूनच जायचं होतं.

मी रेडिएटरवर खटला भरला. पुराव्यांसह बाजू मांडली. मिस्त्रींनी विडी संपेपर्यंत ऐकून घेतलं, मग शेजारी बसून मला ओझरच्या रस्त्याला नेलं. अट एकच, ब्रेकला पाय लावायचा नाही. सायकलवाल्यांना खिडकीतून आरोळ्या ठोकत मी गाडी कशीबशी परत आणली.

मिस्त्रींनी पेल्यात पाणी घेतलं आणि जेवायला बसताना ताटाभोवती शिंपडावेत तसे थेंब चाकांवर शिंपडले. मागची गप्प. पुढच्या दोन्हींवर थेंब चर्रकन उडाले.

"ब्रेक धरून बसलेत. इंजिन आपलेच ब्रेक ओढत चाललंय, तापेल नाही तर काय?"

"पण धरले कशानं?"

त्यांनी पेला खाली ठेवला. "मी आवळले. मागच्या महिन्यात."

खरं तर आवळायला लावले मी. पाय टेकवला की गाडी थांबली पाहिजे, असा हट्ट धरला होता आणि कोर्टात चहाच्या वेळी मिरवलंही होतं. मी गुन्हा कबूल केला. माझ्या धंद्यात असं क्वचित घडतं.

"सांगितलंत तुम्ही, पण पाना माझ्या हातात होता," मिस्त्री म्हणाले. "या चाकांवर घाट उतरला असतात, तर अर्ध्यात ब्रेक संपले असते, वकीलसाहेब."

संध्याकाळपर्यंत त्यांनी ब्रेक सैल केले. सकाळी धुतलेला शर्ट घालून, न बोलावता, पुढच्या सीटवर येऊन बसले. घाटात तीनदा गाडी थांबवून त्यांनी चाकांना हात लावला. तिसऱ्या वेळी मागून अण्णांचा बारीक आवाज आला, "अरे, ऑपरेशन यांनाच करू दे की."

अण्णा परतले आणि पुढे नऊ वर्षं माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवत राहिले.

त्यांच्यानंतर वर्षभरात एकदा द्वारकेवरून जाताना गॅरेजच्या दाराला कुलूप दिसलं. शेजारच्या पानवाल्यानं सांगितलं, मिस्त्रींना जाऊन पंधरा दिवस झाले.

गाडीला काहीही झालं नव्हतं. तरी मी खाली उतरलो आणि त्या कुलपासमोर चारही चाकांना हात लावून पाहिला.

गार होती.