भिंतीवरचं इरलं

एकोणीसशे चौसष्ट साली मी बत्तीस वर्षांचा होतो आणि टाकव्यात माझ्यासारखं इरलं कुणी विणत नव्हतं. मोठेपणा म्हणून नाही, खरं म्हणून लिहितो. इरलं म्हणजे बांबूच्या कामट्यांची जाळी आणि तिच्यात पळसाची वाळकी पानं. आवणीला बाई दिवसभर वाकून भात लावते, तेव्हा पावसात तिची पाठ कोरडी ठेवायची ती यानं. ते माणसाला समोर वाकवून, वितीनं मापून करायचं. एकीचं दुसरीला बसत नाही.

त्या उन्हाळ्यात मुंबईच्या एका म्युझियमची बाई लोणावळ्याला हवा खायला आली होती. फिरत फिरत आमच्याकडं आली आणि ओटीवर अर्धवट विणलेलं इरलं बघून थांबली. म्हणाली, "आमच्याकडे समुद्राकाठी चित्रकार, मूर्तिकार येऊन राहतात, काम करतात. तुम्हीही या, निवासी कलावंत म्हणून. राहणं-जेवण आमचं. शेवटी प्रदर्शन भरवतो."

कलावंत. पारावर हा शब्द सांगितला तर चुलता म्हणाला, "मंग कलावंतीण कुटं ठेवलीया?" सगळा पार हसला. घरी बायको म्हणाली, "पायात चाळ मी बांधू का तुमीच बांधताय? मला यंदा इरलं पायजे. जुनं लय गळतंय."

"तितं करीन ते तुजंच," मी म्हणालो. साठवलेली पानं एका इरल्यापुरतीच होती, ती सगळी बांधून घेतली.

तिथं खिडकीतून समुद्र दिसायचा आणि त्याच्या दमट वाऱ्यानं माझ्या पानांना बुरशी धरायची. एक चित्रकार होता, एक मूर्तिकार, आणि म्युझियमचं काम शिकायला आलेले परगावचे दोघं. ते एकमेकांना नावानं हाका मारत, मला मामा. चित्रकार तर माझ्याहून थोरला. "मामा, पंख्याखाली पानं नकोत, कचरा उडतो." कामट्या न्हाणीत भिजत घातल्या, तर मूर्तिकारानं उचलून बाहेर टाकल्या. त्याची ओली माती मात्र जिन्यापर्यंत पसरलेली चालायची.

बाईंना विचारलं, "माप कुणाचं घिऊ?"

"कुणाचंही घ्या हो. घालणार कोण आहे?"

मी बायकोच्या पाठीचं केलं. ते माप माझ्या हातात बसलेलं होतं.

आखाड लागला तसं प्रदर्शन भरलं. माझं इरलं भिंतीवर, चांगल्या उजेडात. खाली पाटी. मी दुसरीपर्यंत शिकलेला, अक्षराला अक्षर लावून वाचलं: इरलं. मावळ. कारागीर अज्ञात. मला वाटलं, काहीतरी पदवी दिली. येईल त्याला छातीवर हात ठेवून सांगू लागलो, "अज्ञात मीच." लोक तोंडाला रुमाल लावून पुढं जात. शेवटी चित्रकार सगळ्या घोळक्यात मोठ्यानं म्हणाला, "मामा, अज्ञात म्हणजे कुणी केलं ते ठाऊक नाही."

मग रुमालांची गरज उरली नाही.

मी बाईंपुढं गेलो. "मी हितं उभा हाय. ठाऊक कसं न्हाई?"

"वापरायच्या वस्तूंना तसंच लिहायची पद्धत आहे. मनाला लावून घेऊ नका."

"मंग इरलं काढून द्या. ते माज्या बायकोचं हाय."

"ते आता म्युझियमचं झालं. इतके दिवस इथं राहिलात, जेवलात."

'जेवलात' तिनं हळूच म्हटलं, पण सगळ्यांनी ऐकलं.

दुपारच्या पॅसेंजरनं निघालो, कान्ह्याला उतरून भिजत घर गाठलं. बायको नुकतीच आवणीवरून आली होती. इरल्याऐवजी घेतलेली पोत्याची खोळ दारात निथळत होती आणि ती चुलीकडं पाठ करून लुगडं शेकत होती. माझे रिकामे हात तिनं आधी बघितले.

"माजं इरलं?"

"भिंतीवर टांगलंय. लोकं बगत्यात."

"भिंतीला पाऊस लागतो व्हय?"

मी ओला सदरा पिळायला लागलो. ती पुन्हा म्हणाली, "नाव तरी लावलं का तुमचं?"

"लावलं की."

तिनं माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं. "मंग उद्या त्येच पाठीवर घिऊन या खाचरात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या आधी खाचरात उतरलो. घरात दुसरं पोतं होतं, ते घेतलं नाही. बांधावरून चुलता ओरडला, "ओ कलावंत, चाळ वाजंना!" बायको हसली, सगळ्या आवणीकरणी हसल्या. मी मान वर केली नाही. उघड्या पाठीनं वाकलो आणि रोपांची मूठ सोडून चिखलात लावायला लागलो.