वाळ्याचा फाया

बाबांच्या आधी त्यांचा वास घरात यायचा. इंदूरच्या पोलोग्राउंडमधल्या कारखान्यातून दमूनभागून आले तरी वाळ्याचं अत्तर दरवळत असायचं. डाव्या कानात कापसाचा फाया, आई रोज सकाळी करून द्यायची. कारखान्यातले लोक त्यांना 'नवाब भिया' म्हणत आणि बाबांना ते मनापासून आवडायचं.

निवृत्तीनंतर त्यांचं डोकं दुखायला लागलं. मग शब्द हरवू लागले. समोर पोह्यांची बशी असायची आणि ते नुसतं "ते... ते दे" म्हणायचे. एमआरआयमध्ये मेंदूत डाव्या बाजूला गाठ दिसली. नातेवाइकांनी तर कॅन्सर धरूनच फोन केले. एक-दोघं रडलेसुद्धा. मला त्यांचा भयंकर राग आला.

तुकोगंजमधल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. "देखो, ही रिंग दिसते ना? ट्यूमर असला तरी अशीच दिसते, पस भरला तो भी अशीच. पण ताप नाही, तर पस येणार कुठून, वही समझ नहीं आ रहा." मग ते बाबांना तपासायला वाकले. "खुशबू मस्त आहे काकाजी. कानात काय ठेवलंय?"

बाबांनी हाताने कान झाकला.

आई म्हणाली, "कान वाहतो यांचा. लहानपणापासून. वास येऊ नये म्हणून अत्तर. मला बघायला आले तेव्हाही होतं."

मी आजवर ती नवाबी हौसच समजत होते. डॉक्टर म्हणाले, "काकूजी, ये पहले क्यों नहीं बताया?"

"सगळे डोक्याचंच विचारत होते. कानाचं कुणी विचारलंच नाही."

पुन्हा एक वेगळ्या प्रकारचा एमआरआय झाला. मग कवटीला बारीक भोक पाडून सुई घातली, तर खरंच पू निघाला. कानातला संसर्ग हाड पोखरून मेंदूत पोचला होता. पू निघाला म्हणून पेढे वाटणारं इंदुरात आमचंच घर असेल.

इंजेक्शनं पुष्कळ झाली, कानाचं ऑपरेशनही झालं. बाबांचे शब्द एकेक करत परतले. कानात मात्र काहीही घालायचं नाही, अशी सक्त ताकीद मिळाली. घराचा वासच गेला. "नवाबी गेली," बाबा कुरकुरायचे.

त्यानंतर ते बरीच वर्षं जगले. गेल्या हिवाळ्यात झोपेतच गेले.

आई आता रोज सकाळी वाळ्याचा फाया करते आणि स्वतःच्या कानात ठेवते. तिचा कान ठणठणीत आहे. मी दाखवून आणलाय.