हृदयाबरोबर सरकणारी रेघ

अँजिओप्लास्टीच्या टेबलावर पडल्या पडल्याच मी घासाघीस सुरू केली. "श्वास रोखायचा असेल, तर किती वेळ ते आधी ठरवा, डॉक्टर."

डॉक्टरीणबाई हसल्या. "काका, खुशाल श्वास घ्या. समोर बघा."

पडद्यावर माझं हृदय धडधडत होतं. त्यावर रक्तवाहिनीची रंगीत रेघ आखली होती आणि प्रत्येक ठोक्याबरोबर, प्रत्येक श्वासाबरोबर तीही सरकत होती. हृदय थांबत नाही, म्हणून यंत्रच त्याची हालचाल ओळखून रेघ हलवतं, असं त्यांनी सांगितलं. मग रक्तवाहिनीतून आत घातलेली तार नेमकी दुखऱ्या जागी जाते.

मला धाकटा भाऊ आठवला. मी उभ्या केलेल्या दुकानाच्या वाटणीच्या बोलण्यात माझा आवाज चढला, तर हा उठून गेला. "दादा, आधी शांत हो, मग बोलू." पुढे बोलणं झालंच नाही. माझं काय दुखतंय हे बघायला त्याला मी आधी थांबलेला हवा होतो. मी थांबणारा असतो, तर ते दुकान उभंच राहिलं नसतं.

मला बाहेर आणलं तेव्हा तो दाराशीच होता. "दादा, आता शांत आहेस ना?"

आत मोकळेपणाने घेतलेला श्वास मी त्याच्यासमोर रोखला आणि मान भिंतीकडे वळवली.