आधी टिना, मग फोटो

तेव्हा मी फार हुशार होते. वय अठ्ठावन्न, डोळ्यांवर काळा गॉगल, पायांत नवे बूट, आणि जगातला प्रत्येक माणूस लबाड असतो याची पक्की खात्री. आता नातवंडं हसतात, तर त्यांच्यात मीही हसून घेते.

शहराबाहेरच्या वाडी भागातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी बिलिंगला होते. चहाला उठलं तरी घड्याळाकडे पाहणारी ती कंपनी एकदा म्हणाली, सगळ्यांनी पारशिवनीकडच्या एका खेड्यात जाऊन सेवा करायची, पगार कापणार नाही. तिथल्या शाळेच्या खिचडीघराचं छत वादळात उडालं होतं, ते घालून द्यायचं.

मला लगेच वास आला. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला म्हटलं, "पगार न कापता? यायले गोदामासाठी जागा पाहिजे असंन. पाहाच तू."

"मग काकू, तुम्ही नका येऊ."

"वा! मी नाही आले तर लक्ष कोण ठेवंन?"

बसमधून उतरल्यापासून मी आमच्या साहेबांच्या मागावर. त्यांनी टेप काढून भिंत मोजली, मी झाडाआडून पाहिलं. मग ते कुणाला न सांगता शाळेमागं गेले. मीही दबकत गेले. तिथं ते ज्या कामाला गेले होते, त्याच्याशी कंपनीचा काही संबंध नव्हता. मी गॉगल सावरला आणि आभाळातली पाखरं पाहू लागले.

पण खिचडी शिजवणारी बाई माझ्याहून पक्की निघाली. अंगणात विटांची चूल मांडून ती बसली होती, आणि जरीपटक्याच्या बाजारात मी भाजीवाल्याच्या काट्याकडे पाहते, तशी आमच्याकडे पाहत होती.

"काहून आले जी तुम्ही?" तिनं मला विचारलं.

"तेच तर मी शोधून राहिली," मी हळूच म्हटलं.

ती हसली. मग तिची जीभ सुटली. "मांगं बी एक कंपनी आली होती. हातपंपाचा ओटा बांधतो म्हणे. चार विटा रचल्या, फोटो काढला अन् गेले. ओटा अजून तसाच हाये. आता पाणी लागलं का माही चूल विझते. मंग लेकरं उपाशी, अन् गुरुजी म्हणन, बाई बदला."

दुपार कलली तेव्हा छताची एक बाजू टिनांनी, म्हणजे पत्र्यांनी, झाकली होती, दुसरीकडे नुसत्या लाकडी बल्ल्या. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "चला, फोटो! उजेड चांगला आहे. उरलेल्या टिना नंतर कारागीर येऊन लावेल. बॅनर कुठंय?"

बाईनं माझ्याकडे पाहिलं.

बॅनर गुंडाळी करून शाळेच्या पायरीवर ठेवला होता. मी जाऊन त्याच्यावर बसले आणि वरून पदर पसरला. सगळे शोधू लागले. बसमध्ये, टिनांखाली, एकमेकांच्या पिशव्यांत.

"काकू, उठा बरं जरा," साहेब म्हणाले.

"गुडघा धरला हो साहेब. उठवत नाही."

तेवढ्यात चुलीकडून आवाज आला. "सापडेपर्यंत टिना ठोका न जी! हात रिकामे काहून ठेवता?"

लाजेकाजेस्तव मंडळी पुन्हा वर चढली. शेवटची टिन घट्ट बसली आणि माझा गुडघा एकदम बरा झाला. तोवर सूर्य पळसांमागं गेलेला. फोटोत कंपनीनं वाटलेले पांढरे टी-शर्ट तेवढे दिसतात, तोंडं सगळ्यांची काळी.

निघताना बाईनं मला बाजूला घेतलं. "आता खरं सांगा. तुमच्या कंपनीले पायजे तरी काय?"

"दिवसभर शोधलं वं. फोटोच पाहिजे होता."

"फोटोसाठी एवढ्या टिना?"

"हो."

तिचा काही विश्वास बसला नाही. ती आत गेली, मान वर करून छताचा कोपरान् कोपरा पाहून आली, दाराला आपलं कुलूप घातलं आणि आमची बस हलेपर्यंत त्या दाराला पाठ लावून उभी राहिली.