खेचर कशापायी थांबलं?

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी माझी बायको कौसा आन् मी गावाकडं ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसलोतो. पुण्याहून नातीचा, स्वराचा, व्हिडिओ कॉल आला.

"आबा, लढाईचं सांगा ना."

मी घसा साफ केला. एकाहत्तरची लढाई, काश्मीरचा डोंगर. हातात खेचराची दोरी, खेचराच्या पाठीवर दारूगोळा. "पुढं वळणावर बाँब पडणार, हे त्या मुक्या जनावरानं वळखलं आन् ते जागीच..."

"चपातीसाठी थांबलं," कौसा म्हणली. मान वर न करता.

"लढाईत मी होतो का तू?"

"तुमीच होता की. पर पहिल्या सुट्टीला आलता तवा तुमीच सांगितलतं. रोज त्या वळणावर त्याला आपल्यातली चपाती घालायचा. त्या दिवशी विसरला, म्हणून ते आडून बसलं. आता म्हातारपणी त्याला अक्कल फुटली व्हय?"

स्वरा फोनमधी लोळून लोळून हसली. शेंगांचं टोपलं संपलं. त्या रातीला कौसा झोपली ती उठली न्हाई.

तेराव्यानंतर भागवत, आमचा लेक, म्हणला, "दादा, आता हितं एकटं न्हाई ऱ्हायचं." शेळ्या माझ्या लहानपणच्या दोस्ताला, नाम्याला दिल्या. वडवणीच्या स्टँडवर मला पोचवायला तोच आलता. डोळं पुसत पुसत म्हणतो, "पुण्यात तुझ्या खेचराला पार्किंग तरी हाय का बे?"

गावाकडच्या मंडळींनो, आन् माझ्यासारखं लेकाच्या मागं येऊन सातव्या मजल्यावर टांगलेल्यांनो, तुमाला म्हणून सांगतो. काश्मीरचा डोंगर मी पायी चढलो, पर हितल्या लिफ्टमधी आजून जीव घाबरतो. बटन दाबलं की डोळं झाकून घेतो. वॉचमन म्हणतो, "बाबा, उघडा, आला ग्राउंड फ्लोअर."

मी मेंढरामागं वाढलेलं पोर, म्हणून फौजेनं मला खेचराच्या कामावर घातलं. मेंढरासारखं "हुर्र हुर्र" केलं तरच आमचं खेचर हालायचं. शेवटी आमचा पंजाबी सुभेदार साहेबबी मिशा सावरून "हुर्र हुर्र" करायला लागला. हे सगळं मी संध्याकाळी सोसायटीच्या बाकड्यावर रिटायर माणसांना सांगायचो. ते माना डोलवायचे. कुणी आडवायचं न्हाई.

आन् तिथंच घात झाला. पावसाळ्यात एका खेचराची चार झाली. दसऱ्याला माझ्या हातात मशीनगन आली. दिवाळीत मी एकट्यानं चौकी घेतली. सेक्रेटरी म्हणला, "वा, काय धाडस!" गावात एवढं बोललो असतो तर आतनं भांडं आपटल्याचा आवाज आला असता. कौसेची ती रीतच होती. मी जास्त बोललो की सैपाकघरात पातेलं वाजायचं. हितंबी मी मधीच थांबायचो, वाजंल म्हणून. सूनबाईच्या सैपाकघरात नुसता मिक्सर.

मग एक दिवस माझीच टरकली. त्या वळणावर खरं काय झालतं, ते मला नीट आठवंना. चौकी डोळ्याम्होरं दिसायची, जी मी कधी बघितलीच न्हाई. खरं काय ते कौसेजवळ ऱ्हायलतं. ती गेली, तेबी गेलं.

सव्वीस जानेवारीला झेंड्यानंतर सेक्रेटरीनं माइक माझ्या हातात दिला. मेडल लावून उभा ऱ्हायलो. चार खेचरं, मशीनगन, सगळं झालं. "आन् मग त्या जनावरानं कान टवकारले, बाँब वळखला, आन्..."

"चपातीसाठी थांबलं!"

पहिल्या रांगेत स्वरा उभी. भागवत तिचा हात धरून खाली वढतोय. माझं डोस्कं तापलं. माइक तोंडाजवळच होता. "लढाईत मी होतो का तू?"

"तुम्हीच होता की! पण आजी म्हणायची, रोज चपाती घालायचे, त्या दिवशी विसरले!"

सगळी सोसायटी हसली. आन् मला एकदम ते वळण दिसलं. बर्फ दिसला. चपाती हुडकत माझ्या कोटाच्या खिशात घुसलेलं ते मऊ, वल्लं तोंड दिसलं. मी त्याला आईबहिणीवरनं शिव्या देत होतो आन् ते खिसा सोडत नव्हतं. तेवढ्यात पुढं बाँब पडला.

"व्हय," मी म्हणलं, "चपातीसाठीच थांबलं. एकच खेचर होतं. मशीनगन नव्हती." सेक्रेटरीचं तोंड उतरलं. पर टाळ्या भागवतनंच पहिल्या वाजवल्या.

नाम्या फोनवर इचारतो, करमतं का बे तिकडं? आजवर मी न्हाईच म्हणायचो. घर म्हणजे वडवणीकडचा ओटा, असं धरून बसलतो. पर ओट्यावर आता कोण हाय मला गप करायला?

झेंड्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्वरा शाळेला निघालती. एक बूट पायात, एक हातात. मी चहाची बशी खाली ठिवली आन् म्हणलं, "पोरी, त्या खेचराला हेलिकॉप्टर चालवता यायचं."

तिनं हातातला बूट जमिनीवर आपटला. मी कान देऊन बसलो.