माझ्या अक्षरातला ‘तक्रार नाही’चा अर्ज

तो अर्ज लिहिला तेव्हा मी बासष्ट वर्षांची होते, म्हणजे तशी अल्लडच. आता एकाहत्तर पूर्ण झाली आहेत, तेव्हा त्या बासष्टीतल्या बाईबद्दल चार वाईट शब्द बोलायचा हक्क मला आहे.

अंबरनाथला कंपनीच्या वसाहतीत ही बाई अर्ज लिहून देण्यासाठी प्रसिद्ध होती. रजेचा अर्ज, गॅसचा अर्ज, दाखला हरवल्याचा अर्ज. कुणाचं काही अडलं की कोरा कागद घेऊन माणूस दारात हजर. मग ही चष्मा पुसणार, झोकात ‘महोदय’ लिहिणार आणि शेवटी एखादं पदरचं वाक्य घालणार, कुणी न मागता. त्या वाक्याचा तिला भारी गर्व. यजमान म्हणायचे, “तुझा अर्ज वाचून साहेब रजा देतो, ती कंटाळून.” तिला ते कौतुक वाटायचं.

यजमान गेले आणि मी बदलापूरला मुलाच्या फ्लॅटवर राहायला आले. मुलगा, सून, पाच वर्षांची नात. सून वांगणीजवळच्या शेतकऱ्याची लेक, मोजकं बोलणारी. मुलगा तिच्यावर हात उचलतो हे मला महिन्याभरात कळलं. कळलं म्हणजे काय, मधे एकच भिंत होती. मी टीव्हीचा आवाज वाढवायची आणि सकाळी सुनेला सांगायची, “तू उलट बोलतेस ना, म्हणून त्याचं डोकं फिरतं.” ती यावरही उलट बोलायची नाही.

एका दुपारी त्याने तिच्या कानाखाली अशी मारली की ती भिंतीवर आपटली. उठली, नातीला कडेवर घेतलं आणि अनवाणी चालत पोलीस ठाण्यात गेली. हवालदारांचा फोन आला, “मावशी, तुमची सून इथे येऊन बसलीय.”

मी निघाले. इतर कुणी असती तर तिने चपला नेल्या असत्या, पाण्याची बाटली नेली असती. मी पेन आणि दोन फुलस्केप कागद घेतले.

तिचे वडील वांगणीहून आलेच होते. टोपी हातात घेऊन उभे. म्हणाले, “विहीणबाई, चार दिस नेतो पोरीला.”

“न्या की. पण चार दिवसांचे चार महिने होतात, व्याही. मग गावात तोंड दाखवायला तुम्हालाच जड जाईल. मी आहे ना तिच्यापाशी?”

ते टोपी उलटीसुलटी करत राहिले. हवालदारांना दुसरीकडे जायची घाई होती. “आपसात मिटवताय तर तसं लिहून द्या,” म्हणाले. त्यांनी ‘लिहून द्या’ म्हणायचा अवकाश, मी बाकड्यावर बसले सुद्धा.

‘आमच्यात किरकोळ गैरसमज झाला होता. तो आपसात मिटला आहे. माझी पतीविरुद्ध कोणतीही तक्रार नाही.’ इथे थांबायला काय झालं होतं? पण पदरचं वाक्य राहिलं होतं ना. ‘व यापुढेही राहणार नाही.’

सुनेने पेन हातात घेतलं. “आई, इथेच करू?”

“हो, इथेच.”

तिने सही केली. हवालदार म्हणाले, “मावशी, अक्षर काय मोत्यासारखं हो!” आणि ती बासष्ट वर्षांची पोर लाजली. घरी आल्यावर मी सुनेची खणानारळाने ओटी भरली. पोलीस ठाण्यातून परत आणलेल्या बाईची ओटी भरणारी पहिली सासू मीच असेन.

तिचा डावा कान त्या दिवसापासून गेला. हे मला दोन वर्षांनी समजलं. तोवर हाकेला ओ देत नाही म्हणून मी शेजारणीकडे तिच्या कागाळ्या करत होते.

पुढची वर्षं तशीच गेली. गेल्या वर्षी तो तिला मारत असताना नात मधे पडली, तर त्याने तिलाही ढकललं. तेरा वर्षांची मुलगी कपाटावर आदळली. दुसऱ्या दिवशी सकाळी सून तयार होऊन बाहेर निघाली. मी सवयीने कागद काढला. “थांब, अर्ज लिहून देते.”

“नको आई. या वेळी मी सांगणार आणि मॅडम लिहिणार.”

मॅडम म्हणजे सरकारने अशा बायकांसाठी नेमलेल्या संरक्षण अधिकारी. त्यांनी दोन दिवस बसून सगळं विचारलं. कधी मारलं, कशाने मारलं, घरात कोण होतं. त्या अहवालाची प्रत मी नंतर वाचली. पानापानावर ‘घरात कोण होते’ आणि पुढे ‘सासू’. तिने माझ्याविरुद्ध एक अक्षर सांगितलं नव्हतं. विचारलं तेवढंच उत्तर दिलं होतं.

प्रकरण उल्हासनगरच्या कोर्टात गेलं. तिची मागणी एवढीच होती, त्याने मारू नये, घरात येऊ नये आणि तिला नि मुलीला घराबाहेर काढू नये. फ्लॅट मुलाच्या नावावर. त्याच्या वकिलांनी माझा तो अर्ज पुढे केला. बाईने स्वतः लिहून दिलंय, छळबिळ काही नाही, घर लाटायला केस केलीय.

सुनेची वकीलबाई मला म्हणाली, “आजी, तो कागद तसाच टिकला तर या दोघींचं घर जाऊ शकतं. तो कसा लिहिला गेला हे तुम्हीच सांगू शकता.”

मुलगा तेव्हा उल्हासनगरातच कॅम्प चारला मित्राच्या वर्कशॉपवर राहत होता. त्याचा फोन आला. “आई, तू फक्त आठवत नाही म्हण. तुझ्या वयाला कोण नाव ठेवणार?” आवाज अगदी लहानपणासारखा, ताप आल्यावर यायचा तसा.

कोर्टाबाहेर एक सिंधी काका प्रतिज्ञापत्रं टाईप करतात. मी सांगत होते, त्यांची बोटं सरासर चालत होती. मग थांबली. “अम्मा, ये तो आपके बेटे के खिलाफ है.”

“मालूम है. आप टाईप करो.”

साक्षीच्या दिवशी त्याच्या वकिलांनी विचारलं, “आजी, तुम्हाला नीट दिसतं का?”

“तुमच्या कोटाचं मधलं बटण तुटलंय, इतपत दिसतं.”

मागे लोक हसले. मलाही जरा चढली. तेवढ्यात त्यांनी विचारलं, “हा तुमचा सख्खा मुलगा ना?”

मी त्याच्याकडे पाहिलं. तो फरशीकडे बघत होता. “हो, माझाच.”

जज साहेबांनी अर्ज माझ्या हातात दिला. “हे कोणी लिहिलं?”

“मी. शेवटचं वाक्यही माझंच. तिने मागितलं नव्हतं. तिने फक्त, इथेच सही करू का, एवढं विचारलं.”

आदेश सुनेच्या बाजूने झाला. परतताना रिक्षात ती स्टेशनजवळ म्हणाली, “आई, दूध संपलंय, घेऊन जाऊ.” माफ केलं म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

महिन्याभराने, रविवारी सकाळी, वॉचमनने खालून फोन केला. “आजी, भाईसाब आये हैं. बोलते हैं, सिर्फ माँ से मिलना है. ऊपर भेजूँ?”

सून पोळ्या लाटत होती, ती थांबली. नातीने वहीतून मान वर केली.

“मत भेजो,” मी म्हणाले.

मग गॅलरीत गेले. तो गेटपाशी उभा होता, वाळलेला, हातात पिशवी. त्याने वर पाहिलं. मी हात केला नाही. पिशवी वॉचमनकडे देऊन तो निघून गेला. पिशवीत कॅम्प एकच्या दुकानातलं गुडघ्याचं तेल होतं. दर महिन्याला आणायचा तेच. आईचं औषध तो कधी विसरला नाही. हे मला कोर्टात कुणी विचारलं नव्हतं.

सुनेने बाटली माझ्या हातातून घेतली आणि माझ्या खोलीत खिडकीशी ठेवली. त्या संध्याकाळी गुडघे फार दुखले. तेल लावलं नाही. दुसऱ्या दिवशी लावलं.